कोरियन लाट सरकारने आणली का, आणि बारावीनंतर मुलीने कोरियन शिकावी का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी बारावीत आहे, रात्री उशिरापर्यंत कोरियन मालिका बघते, गाणी तोंडपाठ आहेत आणि आता पदवीला कोरियन भाषाच घ्यायची म्हणते. तुमचं म्हणणं असं की हे सगळं कोरियाच्या सरकारने पैसा ओतून जगभर पोहोचवलेलं खूळ आहे. उद्या सरकारने हात आखडता घेतला की ते ओसरेल, मग मुलीने त्यावर आयुष्य का लावावं? शिवाय एवढ्याशा देशाला जे जमलं ते आपल्या मराठीला का जमत नाही, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी २००३ च्या सप्टेंबरमध्ये भाषा शिकायला सोलला गेले. परत आल्यावर पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात नऊ वर्षं दुभाषी होते. तिथे असतानाच शिकवायला लागले, आणि आज शिकवणं आणि सबटायटल लिहिणं हेच माझं काम आहे. त्यामुळे माझं उत्तर भाषेच्या बाजूने येईल, हे आधीच सांगते.

सरकारने केलं हे निम्मं खरं आहे, पण ते निम्मं लोकांना वाटतं ते नव्हे. एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष किम यंग-सॅम यांच्यापुढे सल्लागार मंडळाने एक अहवाल ठेवला. हॉलिवूडच्या डायनोसॉरच्या एका चित्रपटाची कमाई म्हणजे पंधरा लाख ह्युंदाई गाड्यांची निर्यात, अशी तुलना त्यात होती. त्यानंतर सांस्कृतिक उद्योगांसाठी सरकारी खातं निघालं. गोष्ट खरी आहे, पण तेवढ्यावरून कोणी गाणं लिहीत नाही. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट घडली ती १९९६ मध्ये, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

लष्करी राजवटीत कोरियात प्रत्येक गाणं प्रकाशित होण्याआधी तपासलं जायचं. शब्द उदास वाटले तरी बंदी यायची. प्रत्येक अल्बममध्ये देशाभिमानाचं किंवा सदाचाराचं एक ‘निरोगी गाणं’ घालावंच लागे. सोलच्या जुन्या बाजारात मला त्या काळातल्या रेकॉर्डी मिळाल्या होत्या. प्रेमभंगाची गाणी संपली की शेवटी अचानक शाळेच्या प्रार्थनेसारखं काहीतरी वाजायचं. जंग ते-चुन नावाच्या लोकगायकाने तपासणीला न देताच आपली गाणी बाहेर काढली, खटला अंगावर घेतला आणि वर्षानुवर्षं लढा दिला. १९९६ च्या जूनमध्ये गाण्यांची पूर्वतपासणी बंद झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घटना न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणीही घटनाबाह्य ठरवली. बुसानचा चित्रपट महोत्सव सुरू झाला तोही त्याच वर्षी. आज ज्या दिग्दर्शकांची नावं तुमची मुलगी घेते, त्यातले बरेच जण तेव्हा विशी-तिशीत होते. बोलायची मोकळीक नुकतीच मिळालेली आणि सांगायचं साठलेलं, अशी ती पिढी होती.

मग १९९७ च्या अखेरीस आर्थिक संकट आलं. देश नाणेनिधीच्या दारात उभा राहिला. बायकांनी लग्नातल्या अंगठ्या आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या सोन्याच्या अंगठ्या रांगा लावून देशाला दिल्या. १९९८ मध्ये किम दे-जुंग राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी संस्कृतीसाठी निधी वाढवला आणि १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांचा कायदा आणला. त्यांच्या धोरणाचं सूत्र होतं, पाठबळ द्यायचं, ढवळाढवळ करायची नाही. त्याच काळात त्यांनी जपानी गाणी-चित्रपटांवरची जुनी बंदी टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात केली. जपानी माल आपल्याला बुडवून टाकेल अशी तेव्हा भीती होती. झालं उलटं. पाच-सहा वर्षांत जपानी बायका कोरियात येऊ लागल्या, त्याबद्दल पुढे सांगते.

सरकारनेच हे घडवलं म्हणणाऱ्यांना मी आणखी एक आकडा सांगते, ९,४७३. राष्ट्राध्यक्ष पाक गन-हे यांच्या काळात सरकारी मदतीपासून दूर ठेवायच्या कलावंतांची एक काळी यादी तयार झाली होती आणि उघडकीला आलेल्या त्या यादीत एवढी नावं होती. दिग्दर्शक बोंग जुन-हो आणि अभिनेते सोंग कांग-हो यांचीही नावं अशा याद्यांत होती. पुढे त्या प्रकरणात राष्ट्राध्यक्षांच्या माजी मुख्य सचिवांना आणि माजी संस्कृतिमंत्र्यांना शिक्षा झाली. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये याच दिग्दर्शकाच्या, याच अभिनेत्याला घेऊन केलेल्या ‘पॅरासाइट’ला चार ऑस्कर मिळाले. तेव्हा सरकारने हात आखडता घेतला तर काय होईल ही तुमची काळजी मला पटत नाही. सरकारने हात घातला तेव्हाच जास्त नुकसान झालं.

मग पसरलं कशामुळे? मी प्रत्यक्ष पाहिलेलं सांगते.

सोलमध्ये मी एका आजींच्या ‘हासुकजिप’मध्ये राहायचे. आपल्याकडे पेइंग गेस्ट म्हणतो तसं, दोन वेळचं जेवण धरून. त्या हिवाळ्यात सोमवार-मंगळवारी रात्री दहाला ‘दे जांग गुम’ लागायची, राजवाड्यातल्या स्वयंपाकघरातून वैद्य होणाऱ्या एका बाईची गोष्ट. त्या वेळी भांडी घासायचं काम थांबायचं, आम्ही सात-आठ जण उबदार जमिनीवर बसायचो आणि आजी टीव्हीशी भांडायच्या. “अगं, तो रस्सा पिऊ नकोस!” आपल्याकडे रविवारी सकाळी रामायण लागलं की रस्ते ओस पडायचे म्हणतात, ते मी तिथे पाहिलं. मालिकेची प्रेक्षकसंख्या पन्नास टक्क्यांच्या वर गेली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात बाईसुद्धा फळ्यावर आदल्या रात्रीचंच वाक्य लिहायच्या.

ही गर्दी फुकटची नव्हती. तीन मोठ्या वाहिन्या एकाच वेळी, रात्री दहाला, एकमेकींविरुद्ध मालिका लावायच्या. आठवड्याला दोन भाग, बहुतेक मालिका सोळा-वीस भागांत संपायच्या. संपायच्या हा शब्द महत्त्वाचा आहे. लेखिकेला शेवट माहीत असतो, त्यामुळे पहिल्या भागात दिलेली छत्री पंधराव्या भागात उघडता येते. लेखिका म्हणते कारण कोरियन मालिका लिहिणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत आणि तिथे प्रेक्षक लेखिकेचं नाव बघून मालिका लावतो. घरोघरी वेगवान इंटरनेट आलं होतं. भाग संपला की तासाभरात वाहिनीच्या संकेतस्थळावर हजारो लोक लिहायचे, हे खोटं वाटलं, ते फार ताणलं. चित्रीकरण त्याच आठवड्यात चालू असायचं. सेटवर दोन-दोन पानांची संहिता यायची, तिला ते ‘जोक-देबोन’ म्हणतात, म्हणजे तुकड्या-तुकड्यांची संहिता. माणसांना झोप मिळायची नाही, ही त्याची वाईट बाजू. पण बाहेरच्या देशात गेलेली प्रत्येक मालिका आधी या आजींसारख्या कडक परीक्षकांपुढून गेलेली होती. जगासाठी म्हणून ती केलेलीच नव्हती.

जगाने ती आपणहून उचलली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये कोरियन मालिका चालल्या, मग गाणी चालली आणि तिथल्याच वर्तमानपत्रांनी ‘कोरियाची लाट’ हे नाव दिलं, ज्याचं कोरियन रूप ‘हाल्यू’. आशियातल्या वाहिन्यांना जपानी मालिका महाग पडत होत्या आणि कोरियन स्वस्त मिळत होत्या, हेही खरं कारण आहे. २००४ मध्ये जपानच्या एनएचकेने ‘विंटर सोनाटा’ मुख्य वाहिनीवर दाखवली. त्या शरद ऋतूत मी चुनचनजवळच्या नामी बेटावर गेले होते. झाडांच्या दोन रांगांमधल्या त्या वाटेवर पन्नाशी-साठीच्या जपानी बायकांचे गटच्या गट होते. एक बाई नायक बे योंग-जुनचा फोटो छातीशी धरून मुसमुसत होती. तिच्या मैत्रिणीने मोडक्या कोरियनमध्ये मला सांगितलं की नवरा गेल्यापासून ही पहिल्यांदाच घराबाहेर पडली आहे. तिच्यासाठी कोणत्याही मंत्रालयाने योजना आखली नव्हती.

भारतातलं पहिलं मोठं उदाहरण मुंबई-दिल्लीचं नाही, मणिपूरचं आहे. २००० मध्ये तिथल्या एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपट आणि वाहिन्यांवर बंदी घातली. रिकाम्या झालेल्या जागेत कोरियाची आरिरांग वाहिनी आली, इंग्रजी सबटायटलसह, आणि म्यानमारलगतच्या मोरे सीमेवरून सीडी-डीव्हीडी येऊ लागल्या. २००८ च्या सुमारास पुण्यात शिकायला आलेल्या इंफाळच्या दोन मुली माझ्या पहिल्या तुकडीत होत्या. मी अभिवादन शिकवायला घेतलं तर त्यांना रागवायचं, लाजायचं, रुसायचं कसं तेही येत होतं. दूरदर्शननेही ‘दे जांग गुम’ हिंदीत ‘घर का चिराग’ या नावाने दाखवली होती, पण ती फार थोड्यांना आठवते.

आता माझ्या कामाकडे येते.

कोरियन माणूस भेटल्यावर विचारतो, “बाप मगस्सो?” म्हणजे “जेवलास का?” इंग्रजीत ते “कसा आहेस” होऊन बसतं. मराठीत तसंच्या तसं येतं. कोरियन बाई “आमची आई” म्हणते, एकुलती एक असली तरी. आपणही म्हणतो. छाती धडधडते याला ते ‘दुगुन-दुगुन’ म्हणतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी, नामाला विभक्तीसारखे प्रत्यय, मोठ्यांशी बोलताना क्रियापदच बदलणं, हे सगळं मराठी माणसाला ओळखीचं आहे. कोरियन मालिकेत प्रेमाची खरी कबुली अनेकदा “माझं तुझ्यावर प्रेम आहे” या वाक्यात नसतेच. दोघांपैकी एक जण म्हणतो, “आता अहो-जाहो सोडूया का?” कोरियनमध्ये त्याला ‘बोलणं खाली ठेवणं’ म्हणतात. आठ भाग ज्या क्षणाची वाट पाहिली तो हा क्षण. इंग्रजी सबटायटलमध्ये तिथे काहीतरी भलतंच येतं, “आपण मोकळेपणाने बोलूया का” असं, आणि प्रेक्षकाला कळत नाही की नायिका का लाजली. मराठीत एका ‘तू’मध्ये काम होतं.

पण ‘ओप्पा’ला मराठी हरते. मुलीने मोठ्या भावाला म्हणायचा शब्द आणि तोच शब्द ती प्रियकरालाही म्हणते. मी तिथे ‘दादा’ लिहिलं तर प्रेक्षागृहात काय होईल ते तुम्हीच ओळखा. एका महोत्सवासाठी मी मराठी सबटायटल केली तेव्हा तीन दिवस या एका शब्दापाशी अडले होते. शेवटी भाऊ असेल तिथे ‘दादा’, आणि प्रियकर असेल तिथे जिथे-जिथे ‘ओप्पा’ येतो तिथे नायकाचं नाव आणि वाक्यात ‘ना’ घातला: “मिनहो, थांब ना.” मला अजूनही वाटतं की जवळीक आली, आदर निसटला.

हे सविस्तर सांगते कारण लाट पसरण्यात या कामाचा वाटा फार मोठा आहे आणि ते बराच काळ फुकट झालं आहे. २००७ मध्ये विकी नावाचं संकेतस्थळ निघालं. तिथे जगभरातले प्रेक्षक स्वतः सबटायटल लिहायचे. आधी एक जण संवाद कुठे सुरू होतो, कुठे संपतो त्याचे तुकडे पाडणार, मग कोणी कोरियनचं इंग्रजी करणार, मग इंग्रजीवरून कोणी स्पॅनिश, कोणी अरबी. कोरियात भाग संपल्यावर काही तासांत ब्राझीलमधली मुलगी तो स्वतःच्या भाषेत बघत असायची. बीटीएस या गाणाऱ्या मुलांच्या गटाचं तसंच आहे. २०१३ मध्ये गाण्याच्या तीन बड्या कंपन्यांपैकी एकीकडूनही नव्हे, एका छोट्या कंपनीतून हा गट आला. मुलं रोजचे छोटे व्हिडिओ टाकायची आणि चाहत्या रात्र जागून त्यांचं भाषांतर करायच्या.

तुलना करा. २००९ मध्ये वंडर गर्ल्स या कोरियन गायिकांच्या गटाला त्यांच्या कंपनीने अमेरिकेत नेलं, इंग्रजीत गायला लावलं, दौरे केले, तेव्हा गाणं बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ७६ व्या क्रमांकापर्यंत गेलं. २०१८ मध्ये बीटीएसचा मुख्यतः कोरियन अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांचं पहिलं क्रमांक एकचं गाणं २०२० मध्ये इंग्रजीत होतं, हे लपवत नाही. पण त्यानंतर काही महिन्यांतच बहुतांशी कोरियन गाणंही त्या जागी पोहोचलं. ‘पॅरासाइट’चं इंग्रजी करणारे डार्सी पॅकेट हे कोरियात दोन दशकं राहिलेले चित्रपट समीक्षक आहेत. त्या चित्रपटात दोन स्वस्त पाकिटांच्या नूडल्स एकत्र करून वर महागडं गोमांस घालतात, त्या पदार्थाला त्यांनी रामेन आणि उदोन जोडून नवा इंग्रजी शब्द बनवला, आणि सोलच्या विद्यापीठाच्या जागी ऑक्सफर्ड लिहिलं, कारण प्रेक्षकाला विनोद त्याच सेकंदाला कळायला हवा. दिग्दर्शक स्वतः महत्त्वाच्या ओळींमागचा हेतू त्यांना सांगत होते.

मराठीचं उत्तर मला इथेच सापडतं. दक्षिण कोरियाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्या आत आहे. मराठी मातृभाषा असलेले २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. संख्या कमी पडत नाही. त्यांचं उत्पन्न जास्त आहे, शेजारच्या पडद्यावर हिंदीसारखी मोठी भाषा नाही, आणि चित्रपटगृहांना वर्षातले १४६ दिवस देशी चित्रपट दाखवायची सक्ती होती, जी २००६ मध्ये ७३ दिवसांवर आली. हे फरक मी नाकारत नाही. पण मला एका मराठी दिग्दर्शकाचा शुक्रवारी रात्री फोन आला होता. रविवारी सकाळी परदेशातल्या महोत्सवाला चित्रपट पाठवायचा आहे, तेवढ्यात इंग्रजी सबटायटल करून द्याल का? दोन वर्षं त्या चित्रपटावर खपलेला माणूस होता तो. गावच्या बोलीतले संवाद होते, एकेक शब्द हिऱ्यासारखा. मी दोन रात्री बसून केलं आणि ते वाईट झालं, कारण ते दोन रात्रींत चांगलं होऊच शकत नव्हतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. अंदाजपत्रकात भाषांतराचे पैसे आणि महिना पहिल्या दिवसापासून धरा, एवढं जरी आपण केलं तरी खूप फरक पडेल.

मुलीला मात्र या लाटेची दुसरी बाजूही दाखवा. गाण्याच्या कंपन्या अकरा-बारा वर्षांची मुलं निवडतात आणि अनेक वर्षं घडवतात. एका प्रसिद्ध गटातल्या तिघांनी २००९ मध्ये तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा सात वर्षांचा नमुना करार आला. २०११ च्या जानेवारीत चोई गो-उन ही बत्तीस वर्षांची पटकथाकार आजारपणात आणि उपासमारीत आपल्या भाड्याच्या खोलीत गेली. शेजाऱ्यांकडे भात आणि किमची मागणारी तिची चिठ्ठी देशभर वाचली गेली आणि त्यानंतर कलावंतांच्या कल्याणाचा कायदा झाला. दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योक यांनी ‘स्क्विड गेम’ या मालिकेची कथा २००८-०९ मध्ये लिहिली, दहा वर्षं कोणी पैसे लावले नाहीत. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर ती आली आणि जगभर गाजली, पण हक्क नेटफ्लिक्सकडे गेले आणि त्यांना मिळाली ती कराराची रक्कम. कोरियात आज यावरच सगळ्यात कळकळीने चर्चा होते, की कथा आमची, प्रेक्षक जगाचा, मग मालकी कोणाची?

आता तिच्या शिक्षणाचं. कोरियन येणाऱ्या माणसांची गरज लाटेवर अवलंबून नाही. रांजणगावला एलजी आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला आहे, माणगावजवळ पॉस्कोचा पोलाद कारखाना आहे आणि त्यांच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या छोट्या कंपन्या. तिथे डाय, मोल्ड, रिजेक्शन, डिलिव्हरी हे शब्द लागतात, ‘ओप्पा’ लागत नाही. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या सहा पातळ्या असतात. तिसरी-चौथी झाली की काम मिळू लागतं, पाचवी-सहावीवर निवड करता येते. पदवी भाषेची घ्यावी की वाणिज्य-अभियांत्रिकीबरोबर भाषा घ्यावी, यात माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. उत्तम दुभाष्याला भाषेशिवाय आणखी एक विषय कळावा लागतो.

पण पैसे भरण्याआधी घरीच एक करून बघा. लिपी आधी शिकू द्या, हांगुल. राजा सेजोंगने १४४६ मध्ये सामान्य लोकांसाठी जाहीर केलेली लिपी आहे, दोन रविवारांत वाचता येते. रोमन अक्षरांत अजिबात शिकू नये. मराठी मुलांना क आणि ख वेगळे ऐकू येतात, हा मोठा फायदा आहे. अडचण येते ती दोन-तीन स्वरांची. त्यानंतर तिला तिच्या सगळ्यात आवडत्या प्रसंगाची दहा मिनिटं घेऊन मराठीत लिहायला सांगा. इंग्रजी सबटायटल समोर असू दे, पण कोण कोणाला ‘तू’ म्हणतं आणि कोण ‘तुम्ही’, हे तिने कानाने ठरवायचं. पहिल्या दिवशी मजा येईल. तिसऱ्या दिवशीही ती एखाद्या वाक्यापाशी अडून बसलेली दिसली, आणि जेवायला हाक मारल्यावर “एवढं होऊ दे” म्हणाली, तर प्रवेश घ्या. तिने लिहिलेली पानं मला पाठवा, मी वाचून कुठे काय निसटलं ते लिहून कळवेन.